मोआलाची फाटकी चटई

हावीली गेला, तेव्हा मोआलानं सगळ्यात आधी आढ्यावरची जुनी चटई खाली काढली. रडायला पुढे वेळ होताच. केवड्याच्या पात्यांची ती चटई जाडीभरडी होती, कडा सुटून लोंबत होत्या, आणि कमरेला गुंडाळली की वर छातीपर्यंत आणि खाली घोट्यापर्यंत यायची. हावीलीनं स्वतःच्या बापाच्या मयतात तीच बांधली होती. लोफांगा बेटावर बाप गेला की मुलांनी असंच दिसायचं. चटई जेवढी फाटकी, तेवढं नातं जवळचं. मेलेल्यापेक्षा मानानं वरचे जे नातलग, ते तेवढे तलम चटया बांधून प्रेताच्या उशाशी बसतात. मुलं मागच्या अंगणात खड्ड्यातली भट्टी पेटवतात, डुकरं भाजतात, राखेनं माखतात आणि माणसाला मातीत ठेवेपर्यंत त्याच्या जवळसुद्धा जात नाहीत.

मोआलाला त्या राखेत बसायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या या माणसानं उभ्या जन्मात दुसरं फारसं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे असलं.

कारण मोआला हावीलीच्या पोटचा नव्हता. हावीलीची थोरली बहीण अनासेइनी लग्न होऊन राजधानीला गेली होती, तिचा हा मुलगा. हावीली आणि लुपेच्या घरात पाळणा हलेना, म्हणून अनासेइनीनं दूध सुटल्यावर पोर भावाच्या ओटीत घातलं. आमच्याकडे मुलं अशी दिली-घेतली जातात, त्याचा कोणी गाजावाजा करत नाही. मोआलाचा पायगुण म्हणा, पुढे लुपेला एकामागून एक चार मुलं झाली. अनासेइनीला मात्र पुन्हा झालं नाही.

बहिणीचा मान भावाहून वरचा, म्हणून बहिणीचा मुलगा मामाच्या डोक्यावर बसायला मोकळा. त्यानं मामाच्या ताटातलं उचलून खावं, मामाची चीजवस्तू ओढून न्यावी, आणि मामानं वर हसावं. पोटच्या मुलांना यातलं काही करायची सोय नाही. त्यांनी बापाचं उष्टं खायचं नाही, बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही. मोआला चार-पाच वर्षांचा असताना त्यानं एकदा हावीलीच्या ताटातल्या माशाच्या डोक्याला हात घातला. जेवायला आलेला पाहुणा खदखदून हसला.

"घेऊ दे की. भाचा आहे, हक्कच आहे त्याचा."

हावीलीनं पोराच्या हातावर सणसणीत चापट मारली. "भाचा असेल तुमच्याकडे. या घरात तो माझा पोरगा आहे, आणि पोरगा बापाचं उष्टं खात नाही."

पोरानं भोकाड पसरलं. पण मोठा झाल्यावर तीच गोष्ट तो संध्याकाळी मुळांचा गुंगीचा कावा पिताना इतक्यांदा सांगायचा, की ऐकणारे उठून जायचे. चापटीचा एवढा तोरा मिरवणारा माणूस कोणाला खुळा वाटला तर वाटो. त्याच्यासाठी तो जन्मदाखला होता.

त्यानं लग्न केलं नाही. हावीलीबरोबर होड्या दुरुस्त केल्या, धाकट्या भावाबरोबर, फेआओबरोबर, मासे मारले, फेआओची पोरं खांद्यावर खेळवली. हावीली अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याला उचलणं, धुणं, पुसणं सगळं मोआलानं केलं. एकदा लुपे चर्चला गेली होती आणि म्हातारा म्हणाला, "डोकं खाजतंय रे. जरा खाजव."

"आईला बोलावून आणतो," मोआला म्हणाला.

"ती येईस्तोवर मरतो मी. खाजव म्हणतो ना."

"बाबा, डोक्याला मी हात लावणार नाही."

म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसला. त्यानं आढ्याकडे बोट केलं. "मी गेलो की ती तू बांधायचीस. फेआओला नाही. थोरला तू आहेस." एवढं म्हणून तो लुपे येईपर्यंत खाजत पडून राहिला.

म्हणून मोआलानं ती चटई बांधली, काथ्याच्या दोरीनं आवळली आणि भट्टीसाठी खड्डा खणायला घेतला. फेआओ लाकडांची मोळी घेऊन आला आणि त्याच्याकडे बघतच राहिला.

"दादा, एवढ्या चटईत तुझं तोंड तेवढं बाहेर राहिलंय. तेही झाकलं असतंस तर बरं झालं असतं."

"दगड तापव आधी. माझ्या तोंडाचं मी बघतो."

दोघंही हसले आणि मग दोघंही रडले. बाप मेलेल्या दिवशी मोआला, खरं सांगायचं तर, सुखी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी लागली. अनासेइनीचे गुडघे गेलेले, तिला दोघांनी उचलून किनाऱ्यावर आणलं. ती प्रेताकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती काठी टेकत थेट मागच्या अंगणात आली. तिच्या मानाची बाई राखेत येत नाही. तिला बघून डुकरं सोलणारे सगळे हात थांबले.

"ही कोणी बांधायला सांगितली तुला?" तिनं विचारलं.

मोआला खाली मान घालून म्हणाला, "बाबांनी, आत्या."

"आत्या कोणाची रे? जन्म कोणी दिला तुला?"

"तुम्हीच दिलात. पण मग यांना देऊन टाकलंत ना? दिलेलं कोणी परत मागतं का?"

"वाढवायला दिलं होतं. रक्त नव्हतं दिलं." तिनं काठी त्या चटईला टेकवली. "सोड ही."

मोआलानं लुपेकडे पाहिलं. ती केळीच्या पानांच्या ढिगाशी उभी होती, तिच्या अंगावरही तसलंच फाटकं. "आई, तू सांग ना यांना."

"मी काय सांगणार, पोरा?" लुपे नजर वर न करता म्हणाली. "मी भावाची बायको. यांच्यापुढे माझं तोंड कधी चाललंय?"

अनासेइनीचा आवाज उतरला. "बाबा रे, तू राखेत बसलास तर मी बसल्यासारखं होतं. आमच्या घरातली थोरली मी, आणि उशाची जागा थोरलीच्या पोराची. माझ्या नावाचं माणूस उशाशी बसायचं नाही तर कुठे? मला दुसरं कोण आहे? लोक म्हणतील, थोरलीची जागा रिकामीच. माझाही भाऊच गेलाय. एवढ्या लाटांतून मी काय डुकराचं मटण खायला आले?"

तिचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं. ती दुष्ट असती तर भांडता आलं असतं. बेटावर कोणाकडेही न्याय मागितला असता, पाद्रीबुवांकडे काय किंवा सरदाराकडे काय, सगळ्यांनी हेच सांगितलं असतं. मोआलाला हे चांगलं ठाऊक होतं. हावीलीलाही ठाऊक असणार. हावीलीनं जिवंतपणी सांभाळता येईल तेवढं सांभाळलं. मेल्यावर माणूस आपल्या घरातसुद्धा काही ठरवू शकत नाही.

मोआलानं दोरी सोडली. चटई पायांशी पडली. चटईकडे बघत फेआओ घुटमळला.

"दादा, माझी फार लहान आहे. ही मी बांधू?"

"बांध," मोआला म्हणाला, आणि त्यानं ती स्वतःच्या हातानं फेआओच्या कमरेला आवळली.

अनासेइनीनं गाठोडं सोडलं. आत तिच्या आईनं विणलेली चटई होती. इतकी तलम, की कमरेला बांधली आहे हे कळतही नव्हतं. मोआलानं हातपाय धुतले, नखांतली राख काढली आणि तो आत गेला. लोकांनी वाकून वाट दिली. त्याला हावीलीच्या उशाशी बसवलं आणि पुढ्यात सुगंधी तेलाची वाटी ठेवली.

आता त्या डोक्याला हात लावायचा मान त्याचाच होता. हात पुढे नेताना तो क्षणभर थांबला. हातावर कोणी मारलं नाही. केस थंड होते, पांढरे, आणि त्याला वाटले होते त्याहून मऊ. त्यानं तेल लावलं. मागच्या अंगणातून धूर आत येत होता, फेआओचा खोकला येत होता, बहिणींचं हसणं येत होतं. मयताच्या चुलीशी माणसं रडतात तेवढीच हसतातही. ते हसणं आपल्या घरचं आहे आणि आपण पाहुणे आहोत, असं त्याला स्वच्छ वाटलं.

माती दिल्यावर रिवाजाप्रमाणे मुलांचे केस कापायचे होते. ते उशाशी बसलेल्यानंच कापायचे असतात. अनासेइनीनं कात्री मोआलाच्या हातात दिली. चौघं भावंडं रांगेत येऊन खाली बसली. पहिला फेआओ.

"हळू काप," तो पुटपुटला. "तुला कधी सरळ कापता आलंय?"

मोआलानं पहिली बट कापली. कापलेले केस फेआओच्या मांडीवर, त्या जुन्या चटईवर पडत होते. मोआलाच्या स्वतःच्या डोक्याला तेल चोपडलेलं होतं आणि त्यातला एक केसही कापायची कोणाला गरज नव्हती. चौघांचं झाल्यावर त्यानं सवयीनं कात्री फेआओपुढे धरली, आणि फेआओनं ती न घेता मान खाली घातली.

"मला नाही जमणार, दादा," तो म्हणाला. "तुझ्या डोक्याला मी कसा हात लावू?"

दुखवट्याचे पहिले दिवस सरल्यावर अनासेइनीला परत पाठवायचं होतं. मोआला तिला होडीनं पलीकडच्या बेटावर, पांगाईच्या धक्क्यावर घेऊन आला. मोठी बोट लागली होती. सामान चढवणारा एक अनोळखी म्हातारा गाठोडी उचलायला पुढे झाला. आधी त्यानं अनासेइनीकडे पाहिलं, मग त्याची नजर मोआलाच्या कमरेच्या तलम चटईवर गेली. त्यानं अदबीनं मान झुकवली.

"मामा गेले वाटतं आपले?"

अनासेइनी काठीवर दोन्ही हात ठेवून मोआलाच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मोआला म्हणाला. "मामा गेले."