हिमवादळातल्या तीन दिवसांच्या नोंदी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की "तेव्हा तापमान किती होतं?" असं विचारून मी आजवर समोरच्याचा पचका करत आलोय. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मानणाऱ्या ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. पण ही गोष्ट नेमकी नोंदींचीच आहे... म्हणून लिहितोय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अर्धं पुणं कॉम्प्युटर क्लासला जात होतं आणि मी पुण्यातल्याच एका हवामान संशोधन कार्यालयात बर्फाचा अभ्यास करत होतो. ऊन पडलं की बर्फ किती उष्णता घेतो, किती परत फेकतो, वगैरे. सदाशिव पेठेत भाड्याची खोली, एकटा जीव. त्या वर्षी अंटार्क्टिकाच्या मोहिमेत माझं नाव पक्कं होतं. माझ्या मापाचे बूटसुद्धा आले होते. ऐन वेळी मेडिकलमध्ये ब्लडप्रेशर वाढलं आणि माझ्या जागी — माझ्याच बुटांत — प्रमोद गेला.

प्रमोद वर्ध्याचा, मला ज्युनियर. बर्फात रोवलेल्या बांबूच्या काठ्यांवर बर्फाची उंची रोज कशी मोजायची, वहीत कशी लिहायची, हे त्याला मीच शिकवलेलं. सरळच सांगतो, माझा नुसता जळफळाट होत होता. मे महिन्यात पेपरात त्याचा फोटो आला, ऑफिसात पेढे वाटले. मी डोकेदुखीचं कारण सांगून तीन दिवस रजा टाकली आणि खिडक्या लावून पडून राहिलो. मनात एकच... तिथे मी असायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची बोटं पांढरीफटक पडली, बधिर झाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"बर्फाच्या कारखान्यात नोकरी लागली का आपल्याला? नाही ना? मग मे महिन्यात हे उद्योग कुठे केलेत?"

आठवड्याभरात बोटांची कातडी सोलून निघाली.

पुढच्या वर्षी प्रमोद परतला, सोबत वह्याही आल्या. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मे महिन्यात तीन दिवस हिमवादळ. कुणीही बाहेर पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम. मग काठ्यांच्या नोंदी कशा भरल्या? खोलीत बसून?"

"मी नाही लिहिलं, सर," प्रमोद म्हणाला.

"मग पेंग्विननं लिहिलं का?"

साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ — माझी शाळेपासूनची सवय. अक्षर माझं होतं. तारखा माझ्या रजेच्या होत्या.

बर्फाची उंची आपोआप मोजणाऱ्या तिथल्या यंत्राचे आकडे पुण्यातच वाचता येत; त्यांच्याशी वही ताडून पाहायचं काम माझ्याकडेच होतं. तिन्ही दिवसांचे आकडे जुळले. म्हणजे त्या वादळात कुणीतरी खरंच काठ्यांपाशी उभं होतं. यंत्राच्या आकड्यांचा प्रिंटआउट दाखवला असता तर प्रमोद सुटला असता. मी तो ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. खोट्या नोंदींचा ठपका येऊन त्याचं मोहिमांमधून नाव कायमचं कटलं. आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तो नोकरी सोडून हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये गेला. मला ब्लडप्रेशरनं कधीच जाऊ दिलं नाही. काही वर्षांनी मीही हिंजवडीच गाठली. एकदा कंपनीच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला. न राहवून मी सगळं सांगितलं. बोटं, अक्षर, ड्रॉवर... सगळं.

"तो सात तं मी तिथंच ओळखला होता बे," तो म्हणाला.

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू आला होता म्हणून? वही मागून तूच भरली म्हणून तुलेच धरलं असतं." मग स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "तिन्ही दिवस सकाळी बूट ओले राहायचे. मी म्हटलं, जाऊ दे... बूट त्याचेच हायेत."

हे कसं घडलं, ते त्यालाही कळलेलं नाही आणि मलाही. नोकरी सोडताना घरी आणलेला प्रिंटआउट अजून माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी बसमध्ये मी सगळं सांगितलं, फक्त त्याची माफी मागितली नाही.