सतत ढवळणारे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका शांततेचा दुष्मन अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दोन माणसं शेजारी गप्प बसलेली त्यांना बघवतच नसत. बायकोचे हे मामा नोकरीभर एका ओतकामाच्या कारखान्यात गाड्यांचे ॲल्युमिनिअमचे भाग ओतत होते. निवृत्त होऊन शिरड शहापूरला परतले ते एकच वेड सोबत घेऊन. निव्वळ धातू एका ठरावीक आचेला गोठून मोकळा होतो, पण दोन धातूंची मिसळ बराच वेळ अर्धी घट्ट, अर्धी पातळ अशी रेंगाळते, आणि त्या अवस्थेत तिला स्वस्थ बसू देणं हे मामांच्या लेखी पाप होतं. पहिल्या दिवाळसणाला मी ताटावर बसलो असताना त्यांनी मला हे समजावलं. "तसंच ठेवलं ना जावई, तर आतल्या आत बाभळीवानी फांद्या फुटतात, काटे एकमेकांत अडकतात. मंग हलत न्हाई. पण ढवळत राहिलं, की काट्यांचे साबुदाणे होतात. अर्धं घट्ट असून बी वाहतं बराबर." बोलता बोलता त्यांनी माझ्या वाटीतली बासुंदीही ढवळून घेतली.

मग जे दिसेल ते ढवळायचं. चहा तर ते गार होईपर्यंत ढवळत. पुसेगावच्या एका लग्नात आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेऊन त्यांनी पाक इतका घोटला, की त्या दिवशी बुंदीचे लाडू वळलेच नाहीत, पंगतीला बुंदी चमच्याने वाढावी लागली. माणसांच्या बाबतीतही तेच. भाच्याच्या सोयरिकीची बैठक देण्याघेण्यावरून गप्प झाली, दोन्हीकडचे लोक छताकडे बघू लागले, तेव्हा मामांनी मुलीच्या बापाला विचारलं, "पोरगी झोपेत घोरते काय?" मोठा गोंधळ झाला, सगळे एकदम बोलू लागले आणि त्या बोलण्यातच लग्न ठरून गेलं. मामी मात्र कपाळावर हात मारून म्हणाल्या, "काहून लोकायच्या जिवाला तकलीफ देता हो?" मामा म्हणाले, "गप बसून राहिले होते ना सगळे. आत काटे वाढून राहिले असते."

गेल्या वर्षी मामींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी हातपाय हलवत राहा, बोलत राहा असं सांगितलं, आणि मामांनी पदर खोचावा तसं धोतर खोचलं. "अर्धीच गोठली हाये," ते मला म्हणाले, "आपल्या हातातली गोष्ट हाये." मामींच्या तोंडून एक शब्द निघावा, एवढंच आता त्यांना हवं होतं. पहाटेपासून ते त्यांचा हात चोळत आणि तोंडाने भांडण उकरून काढत. तुझ्या माहेरचे चिक्कू, तुझा भाऊ लबाड, तुझ्या बहिणीला पुरणपोळी लाटता येत नाही. मामींच्या डाव्या गालावर राग उमटायचा, घशातून काहीतरी घरघर निघायची, की मामा गल्लीभर सांगत सुटायचे. आम्ही हसायचो. ते हसू आज आठवलं की नको वाटतं.

शब्द काही आला नाही. मग मामींना ताप भरला, अंगातलं होतं नव्हतं ते त्राण गेलं. तपासायला आलेले डॉक्टर सहज बोलून गेले, "मामा, आता यापुढे फार सुधारणा नाही. त्यांना जरा निवांत पडू द्या." मामांनी त्यातून एवढंच घेतलं, की आपणच हिला दमवून दमवून या दशेला आणलं. त्या दिवसापासून त्यांचं तोंड मिटलं. आम्ही भेटायला जायचो तेव्हा ते खाटेच्या कडेला मांडीवर हात ठेवून बसलेले असत. चहावर साय धरायची.

परवा दिवेलागणीला मी एकटाच गेलो होतो. मामींचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्यांनी मामांचं कोपर हलवलं. मामांनी पाणी आणलं, त्यांनी ओठ मिटून घेतले. उशी सारखी केली, तरी कोपर हलवणं चालूच. खिडकी लावली, उघडली. शेवटी मामा खाली वाकले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मी बोलू म्हणती का?"

मामींनी डोळे मिटून उघडले.

आयुष्यभर ज्यांनी गावाला बोलतं ठेवलं, त्यांना त्या क्षणी एक वाक्य सुचेना. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पाय निघेना. मामांनी दोनदा घसा साफ केला. "शेजारच्यांची गाय व्याली," ते म्हणाले. "कालवड झाली. पांढरी हाये." पुढचं त्यांना बोलवेना.

मामी त्यांच्या तोंडाकडे बघत पुढच्या शब्दाची वाट पाहत होत्या. कोपरावरचा हात त्यांनी काढला नव्हता.