बेस हाय

मी बेस गिटार चुकून विकत घेतली. मला वाटलं, ही साधीच गिटार आहे आणि हिच्या दोन तारा तुटल्यात.

नांदेडला एका बँड पार्टीचं दुकान होतं. लग्नसराई सरली की त्यांची वाद्यं भिंतीवर लटकायची. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, पोट सुटलेला एक पितळी भोंगा, आणि त्या सगळ्यांच्या मधे एका खिळ्याला ही. लांब मान, काळं अंग, चार जाड तारा. बाजारातून जाता-येता मी तिच्याकडं बघायचो. एक दिवस धीर करून आत शिरलो आणि गल्ल्यावरच्या चाचांना विचारलं, "दोन तारा कमी दिसतात हिला?"

चाचा बिडी विझवत म्हणाले, "कम नई जी. बेस है."

आता बेस म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको. भाजी बेस झाली, सोयरीक बेस जमली, पोराचं बेस चाललंय. बेस म्हणजे छान, झकास, काळजी करू नका. चाचा वाद्याचं नाव सांगत होते आणि मी ती हमी समजलो. दोन तारा मागाहून बसवू, असा हिशोब करत सायकलवरून गिटार घरी आणली. खाटेवर टेकवली तेव्हा लक्षात आलं, की वरच्या खुंट्याही चारच आहेत.

शहाणा माणूस इथून परत गेला असता. मला जाता येईना, कारण सगळ्या गल्लीला मी छाती काढून "गिटार आणली" असं सांगत आलो होतो. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या ज्याला म्हणून मोजता येत होतं त्यानं तारा मोजल्या. मग मी जाहीर केलं, की मला हीच पाहिजे होती. हीच! सहा तारांची तर कुणीबी वाजवतं. एकदा असं बोलून बसल्यावर शिकण्यावाचून इलाज उरला नाही. बाकी जगात लोक आवडीनं बेस वाजवायला लागत असतील. मी हट्टानं लागलो.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं, लाकडाला अजून रंध्याचा वास. माणसं मात्र जुन्या जिल्ह्यांतून उचलून आणलेली. त्यातला मी एक कारकून. वळकटी, ट्रंक आणि बेस गिटार घेऊन एस.टी.त बसलो. कंडक्टर म्हणाला, "ते वल्हं टपावर टाका." मी म्हटलं, हे मांडीवर बसून येईल. नांदेड ते लातूर ती माझ्या मांडीवर बसून आली, आणि तिची मान शेजारच्या माणसाच्या फेट्यात अडकून आली.

लातुरात एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात मला मागची खोली मिळाली. घरमालक अप्पा दिवसभर मोंढ्यात धान्याच्या आडतीवर असत. घर चालायचं ते मालकीणबाई अक्कांच्या हुकमानं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातली सगळ्यात मोठी किल्ली पाण्याच्या हौदाची होती, कारण मी आलो आणि पाठोपाठ दुष्काळ आला. गावात लोक म्हणायचे, जिल्हा आला आन् पाणी गेलं. अक्का तेवढ्यावर थांबत नसत. त्यांच्या मते ते माझ्यामुळं झालं होतं. "गोदावरीकाठची माणसं," त्या शेजारणीला सांगत, "ह्यांना बादली म्हंजी तांब्या वाटतो." मला रोज सकाळी एक बादली मोजून मिळायची, ती देताना एक कटाक्ष वेगळा.

कचेरीत रुळलो तशी एका ऑर्केस्ट्राची ओळख निघाली. चालवणारे शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांना सगळे मास्तरच म्हणत. गाणारेही तेच. तालीम सरकीच्या एका रिकाम्या गोदामात. माझ्याकडं आवाज मोठा करणारा खोका नव्हता. मी गिटारच्या वायरीची पिन जुन्या रेडिओच्या पाठीत खुपसायचो. रेडिओ गरम झाला की मधेच कन्नड बातम्या लागायच्या. मास्तर म्हणायचे, "तेवढंच तुमच्या बाजूनं ऐकू येतं."

हीच तर सगळ्या बेसवाल्यांची रड. पन्नास माणसांत विचारा, ढोलक कुणी वाजवला, सगळे सांगतील. बेस कुणी वाजवला विचारलं तर ते म्हणतील, तो होता का? मी मास्तरांना घराच्या पायाचं उदाहरण द्यायचो. पाया दिसत नाही, पण काढून बघा! हे उदाहरण मी इतक्या वेळा दिलं, की मी तोंड उघडलं की ढोलकवाला जमीन उकरायचा अभिनय करायचा.

त्यात आमच्या ऑर्गनवाल्याला एक शोध लागला. डाव्या हातानं खालचे सूर दाबले की बेसचं काम भागतं, हा तो शोध. म्हणजे माझ्या जागेवर दुसरा माणूस येणार नव्हता. एक डावा हात येणार होता.

तेवढ्यात दुष्काळ निधीसाठी कार्यक्रम ठरला. "प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांना गाणी सुचून राहिली," असं बोलणारे निघालेच. मास्तर त्यांना म्हणाले, "पाणी नाही म्हणून गळाबी सुकवायचा का?" हे उत्तर मला इतकं आवडलं, की मीही तोच आवेश आणून म्हटलं, "मास्तर, ह्या कार्यक्रमात बेस असा वाजवतो की सगळ्या मैदानाला ऐकू जाईल!"

मास्तरांनी पेटीचा भाता बंद केला. "ठरलं तर मग. ऐकणाऱ्यातल्या एका तरी माणसानं येऊन म्हटलं पाहिजे, की बेस ऐकू आला. म्हटलं, तर तुमची जागा पक्की. नाही म्हटलं, तर पुढच्या कार्यक्रमापासून डावा हात. तुम्ही वायरी गुंडाळायच्या."

"एका माणसानं? दहा येतील!"

हे बोलणारा मीच. माझ्या तारा तेव्हा मेलेल्या होत्या. बेसच्या तारा तुटत नाहीत, मरतात. बोटांचा घाम, तेल, माझ्या बाबतीत शिवाय नांदेडच्या शेकडो वरातींचा गुलाल, हे सगळं तारेच्या वेढ्यांत जाऊन बसतं आणि तार बद्द वाजायला लागते. पाटावर ओलं फडकं आपटल्यासारखी. नव्या तारा आणायच्या तर हैदराबादला जायचं, आणि नव्या कचेरीत रजा म्हणजे पाण्याहून दुर्मिळ गोष्ट. पण बेसवाल्यांचा एक जुना उपाय आहे: तारा काढा, पाण्यात उकळा, मळ सुटतो, चार दिवस तारा नव्यासारख्या खणखणतात.

पाण्यात. मी माझी सकाळची बादली बघितली. अंघोळ की तारा? तारा. नुसती अंघोळच सोडली असं नाही, प्यायच्या पाण्यातलंही अर्धं पातेल्यात ओतलं, कारण मोठी तार बुडेना. स्टोव्ह भरभरायला लागला आणि दारात किल्ल्या वाजल्या.

"भाऊसाहेब, काय शिजवून राहिले?"

"काही नाही अक्का. तारा."

"काय?"

त्या आत आल्या, पदर नाकाला लावून पातेल्यात वाकल्या. चार तारा वेटोळी घालून रटरटत होत्या. टोकांना गुंडाळलेल्या तांबड्या रेशमाचा रंग सुटला होता, त्यामुळं पाणी कटासारखं दिसत होतं.

"ह्या खायच्या का?"

"वाजवायच्या."

"मग शिजवायच्या कशाला?"

"आवाज सुटावा म्हणून."

अक्कांनी कमरेची हौदाची किल्ली चाचपली. गावाला टँकरचं पाणी, बाया घागरीमागं घागर लावून उन्हात उभ्या, आणि त्यांच्या घरातला भाडेकरू लोखंडाचा रस्सा करत होता. मला वाटलं, आता ट्रंक बाहेर जाणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ते पाणी फेकायचं न्हाई. निवलं की बेलाला घाला. अन् उद्या बादली मागायला येऊ नका." अंगणातल्या बेलाला मी ते तांबडं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बिनअंघोळीचा कचेरीत गेलो, आणि शेजारच्या टेबलावरचा खिडकीकडं सरकून बसला. माझं काही म्हणणं नव्हतं. संध्याकाळी तारा चढवल्या आणि रेडिओत पिन खुपसली. तार छेडल्याबरोबर फळीवरचा चहाचा डबा थरथरला. मी एकटाच खोलीत उभा राहून "आता बोला!" असं म्हटलं. कुणाला ते मलाही ठाऊक नाही.

कार्यक्रमाला मैदान भरलं. पुढं बायकांची बाजू होती, त्यात पहिल्या रांगेत अक्का. विजेचा भरवसा नव्हता म्हणून मंडपवाल्यानं पडद्यामागं जनरेटर लावला होता. माझी पिन थेट माइकवाल्याच्या पेटीत. तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला टेबल मांडून बसलेला. दिवस मावळायच्या आत आवाज तपासणं सुरू झालं. माझी पाळी आली. मी तार छेडली, काहीच आलं नाही. पुन्हा छेडली. माइकवाल्यानं लांबून हात हलवून विचारलं, "आवाज कसा हाय?"

मी तोंडाला हात लावून ओरडलो, "बेस! बेस!"

त्यानं मान डोलावली, अंगठा दाखवला आणि पुढच्या माणसाकडं वळला. आता लावला, असं समजून मीही अंगठा दाखवला.

कार्यक्रम सुरू झाला आणि देवाशपथ सांगतो, मी जन्मात असा वाजलो नव्हतो. पायाच्या तळव्यातून कंप चढत होता, पोटात घुमत होतं, लाकडी स्टेज गुरगुरत होतं. ऑर्गनवाल्याकडं मी मधून मधून दयेनं बघत होतो. डावा हात म्हणे! तिसऱ्या गाण्याला मास्तर माझ्याकडं वळून हसले. मध्यंतरात म्हणाले, "भाऊसाहेब, मानलं. आज पोटात जाऊन राहिलंय." मी म्हटलं, "तारा उकळल्या, मास्तर. घरचं पाणी घातलं."

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या झाल्या. मी तळहात टाकून तारा बंद केल्या.

घुमणं बंद झालं नाही.

तारांवर हात तसाच ठेवून मी उभा राहिलो. पोटात ढुगढुग चालूच होती. मी हळूहळू पडद्यामागं गेलो. तिथं मंडपवाल्याचा माणूस जनरेटरला टेकून भेळ खात होता. मला बघून म्हणाला, "लाइट आली जी," आणि त्यानं जनरेटर बंद केला. माझा बेस थांबला.

मी गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो, हे इथं नमूद करतो. मास्तरांची खात्री पटली होती. जनरेटर काही बोलणार नव्हता. पण मी तरातरा माइकवाल्याकडं गेलो आणि सगळ्यांदेखत कडाडलो, "माझा आवाज सगळा वेळ बंद ठेवला? मी बेस, बेस म्हणून घसा फोडला!"

"मग?" तो शांतपणे वायर काढत म्हणाला. "मी विचारलं आवाज कसा हाय. तुम्ही म्हणला बेस. बेस हाय म्हणल्यावर कोण हात लावतंय?"

मागं वळलो तर मास्तर उभे. त्यांच्या खांद्यावरून ढोलकवाला. दोघांनी सगळं ऐकलं होतं.

म्हणून काय मी बेस सोडला? पुढच्या कार्यक्रमाला वायरी गुंडाळल्या, त्या पाठीला गिटार बांधून गुंडाळल्या. मास्तर म्हणाले, काढून ठेवा. नाही काढली. त्याच्या पुढच्यालाही तसाच गेलो. शेवटी ऑर्गनवाल्याचं लग्न ठरलं आणि त्याचा डावा हात त्याच्या सासऱ्यानं निलंग्याच्या दुकानात कामाला लावला, उजव्यासकट. आज माझ्याकडं स्वतःचा खोका आहे, तारा पार्सलनं घरी येतात. तरी मी जुन्या उकळतो. बोटांना सवय झालीय, आणि कुणी नको म्हटलं की मला जास्तच उकळाव्याशा वाटतात.

पण त्या रात्री मी अजून हरलो नव्हतो. अट काय होती? ऐकणाऱ्यातल्या एका माणसानं म्हणायचं. तेवढ्यात रेणापूरकडचा एक फेटेवाला स्टेजजवळ येऊन म्हणाला, "मास्तर, लई बेस झालं बघा!"

"ऐकलं!" मी उडीच मारली. "ऐकलं ना मास्तर? बेस म्हणाले!"

मास्तरांनी त्याला विचारलं, "पाव्हणं, कुठला बेस?"

"कुठला म्हंजी?" तो गोंधळला. "समदंच बेस."

ढोलकवाला खाली बसून जमीन उकरायला लागला. आता माझ्या बाजूनं बोलेल असं एकच माणूस मैदानात उरलं होतं. ज्यांच्या पाण्यात माझ्या तारा शिजल्या, ज्या तीन तास माझ्या समोर पहिल्या रांगेत बसल्या, त्या अक्का चपला शोधत होत्या. मी त्यांना हाताला धरल्यासारखं मास्तरांपुढं आणलं.

"अक्का, खरं सांगा. माझं वाजवणं कसं वाटलं?"

अक्कांनी एकदा गिटारकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"तुम्ही वाजवत होता व्हय? मला वाटलं, पाणी न्हाई म्हणून ते लाकूड कोरडंच पुसून राहिले."