आईच्या कुरडया आणि मानसीचा तंबू

मागच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवरून एक तंबू उडून गेला. आत माणूस नव्हतं, वर्षभराच्या कुरडया होत्या.

तंबू मानसीचा. सुप्याच्या कंपनीत आम्ही शेजारी बसतो. ती नगरची, सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन पाखरांमागे फिरणारी. तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा बेत ठरला : कळसूबाईच्या पायथ्याला तंबूत राहायचं, रात्री काजवे बघायचे, पहाटे शिखर चढायचं. मला म्हणाली, "चल." मी खर्ड्याजवळच्या माळावर वाढलेली, आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. त्या दिवसापासून डोळे मिटले की धुकं दिसायचं. एकदा एसटीत बसल्या बसल्या अशी काही धुक्यात शिरले की गावचा फाटा मागं राहिला. (उन्हात चालत परत आले.)

अडचण एकच, आई. मी घरातली पहिली पदवीधर, तीही भौतिकशास्त्राची. पण आईपुढे पदवी चालत नाही.

"तंबूत निजायचं? म्हंजी उघड्यावर?"

"उघड्यावर नाही गं. भक्कम असतो. आतून चेन लागते."

"दाव मला."

म्हणून शनिवारी तंबू गावी आणून गच्चीवर उभा केला. रविवारी मानसी स्वतः येऊन आईला पटवणार होती. आईनं तंबूभोवती फेरी मारली, जाळी ओढून बघितली, आत डोकं घातलं.

"यात चिमनी शिरंल का?"

"मुंगीसुद्धा शिरणार नाही."

(हे बोलायला नको होतं.) घटकाभरात वरचं कापड निघालं, आत जुनं लुगडं अंथरलं गेलं आणि त्यावर ओल्या कुरडया ओळीनं बसल्या.

"वारं सुटलं तर?" आईनं विचारलं. खुंट्या काही स्लॅबमध्ये जात नव्हत्या.

"कुरडयांचं वजन आहे ना. भौतिकशास्त्र आहे ते."

"ते ऱ्हाऊ दे. उद्या दुपारी तू आत बस."

दुसऱ्या दिवशी बसले. राखण करता करता दोन अर्धओल्या कुरडया खाल्ल्या. मग उकडायला लागलं म्हणून जिन्याच्या सावलीत आले. चेन उघडीच राहिली. डोळे मिटले. धुकं आलं, काजवे आले, गालाला गार वारं लागलं. किती खरं वाटत होतं!

वारं खरंच होतं. डोळे उघडले तर तंबू कठड्याच्या वर हातभर तरंगत होता. निळा, हलका, चुकून आमच्या गावाकडे आलेल्या ढगासारखा. ओरडायला हवं होतं. पण तो इतका सुंदर दिसत होता की मी बघतच राहिले. कुरडया वाळल्या की हलक्या होतात, हे भौतिकशास्त्र मला तेव्हा सुचलं. ढग कलला आणि उघड्या दारातून कुरडया बरसल्या.

खालून अण्णा, माझे वडील, म्हणाले, "गारा पडाया लागल्या का गं?"

"नाही अण्णा. कुरडया."

तंबू बांधावरच्या बाभळीत जाऊन बसला. आणि नेमक्या त्याच वेळी मानसी गाडीतून उतरली. अंगणभर चिमण्या, साळुंक्या, कावळे. तिनं लगेच दुर्बीण लावली.

"काकू, किती पाखरं आहेत हो तुमच्याकडे!"

"तुमच्या तंबूनं आवतान दिलंया," आई म्हणाली. "ज्याला कुरड्या राखता आल्या न्हाईत, त्यो माझी पोरगी राखनार व्हय?"

मानसीनं दुर्बीण खाली घेतली. माझं धुकं विरायला लागलं. आई माझ्याकडे वळली.

"आन तू? आत बस म्हनलं हुतं. तू आत असतीस तर हलला असता का त्यो?"

अण्णा पायरीवर पडलेली कुरडई फुंकून खात होते. "मग झालं की," ते म्हणाले. "डोंगरावर ही आतच निजनार हाय. तंबू जातोय कुठं?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बराच वेळ.

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरंच हाय."

घरातली पहिली पदवीधर म्हणून मी आजवर मिरवत आले. कळसूबाईला मात्र मला वजनावर सोडलं. आणि मानसीनं तंबूच्या खुंट्या घरीच ठेवल्या.