पत्रावळ्या कुणी उचलायच्या?

"पंगत उठली; पत्रावळ्या कुणी उचलायच्या?" असं म्हणत ते एखाद्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, की त्याचा प्रोग्राम मेमरी खातोय हे सगळ्या ऑफिसला कळायचं.

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. आमचे हे जुने प्रोग्रामर मूळचे आटपाडीचे, शिकले कऱ्हाडला आणि तिथंच नोकरीला राहिले. आमचा प्रोग्राम मिरजेच्या एका हॉस्पिटलसाठी होता: रुग्णाचं हाड पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा. मी त्याची माहितीपुस्तिका लिहीत होतो. हाड फिरलं की नवं चित्र यायचं, पण जुन्याची जागा मोकळी होत नसे. मेमरी भरत जायची आणि तासाभरात पडदा गोठायचा. ते रोज कुणालातरी धरायचे. "गड्या, मंगल कार्यालय तुझ्या बापाचं हाय व्हय?"

खंडेनवमीला साहेबांनी सगळी मशीनं बंद करून त्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. दसऱ्याला चालू केली, तर प्रोग्राम सुरळीत. "बघा, श्रद्धा लागते," म्हणत साहेबांनी मिरजेला फोन लावून प्रोग्राम दाखवायला येतो म्हणून कळवलं.

"आवं साहेब, बंद करून चालू केलं की मेमरी रिकामीच असती. तासानं बघा."

"तासभर दाखवायचंच कशाला? चहा येईपर्यंत गुंडाळा."

हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मिरजेत चहा झाला, साहेब आभार मानून उठलेसुद्धा. हे मात्र डॉक्टरांना म्हणाले, "फिरवत ऱ्हावा." डॉक्टर फिरवत राहिले. शेवटी पडद्यावरचा गुडघा अर्ध्यात थांबला.

"पेशंट टेबलावर असताना ह्यो असाच थांबंल," ते म्हणाले. "दुरुस्त करून आणतो."

डॉक्टर म्हणाले, "आणा."

परतताना साहेब गाडीत पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

पुढे चूक सापडली ती त्यांच्याच कामात. डॉक्टरांना मागचं चित्र पुन्हा बघावंसं वाटेल म्हणून त्यांनी प्रत्येक चित्र जपून ठेवलं होतं. टाकायचं राहिलं होतं. ती दुरुस्त करून मग ते टेबलाटेबलाशी गेले. "माझीच पत्रावळ हुती. शिव्या माघारी घेतो. निम्म्याच. बाकीच्या तुला लागू हायत."

थंडीत ते झोपेतच गेले. शोकसभेत साहेब त्यांच्या श्रद्धेबद्दल लय बोलले.

पुस्तिका द्यायला मी मिरजेला गेलो. डॉक्टर सकाळपासून एका बाईंचा गुडघा पडद्यावर फिरवून बघत होते. कुठंच अडकत नव्हता.

"ते आले नाहीत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. डॉक्टरांनी माउसवरचा हात काढून घेतला. बाहेर बाईंना ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर घेत होते. डॉक्टरांनी हात पुन्हा माउसवर ठेवला आणि गुडघा फिरवला.