चाकाच्या वाट्या

प्रफुल्लने करिश्माचं बोट मोडलं ते गाडीच्या चाकावरून. दवाखान्यात तिच्याबरोबर सासूच गेली होती, बायजा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुनेने तोंड उघडायच्या आत बायजाने सांगून टाकलं, मोरीत पाय सरकला. एमआयडीसीच्या मागचं त्यांचं गाव आता डोंबिवलीतच धरतात. तिथल्या बायकांना हे वाक्य शिकवावं लागत नाही. बायजाने ते स्वतःसाठी इतक्यांदा वापरलं होतं की तिच्या तोंडून ते जांभईसारखं येई. नवरा, गोविंदा, वारला तोवर तिची मोरी फार निसरडी होती.

पाठीला भाऊ नसल्यामुळे बापाची भातजमीन बायजाच्या नावावर आली होती. त्या जमिनीत तिने लावणी केली, आणि भात निघाल्यावर खाडीकडच्या मिठागरात जाऊन डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. आता तिथे बिल्डिंगी उभ्या आहेत. जमिनीच्या बदल्यात दुमजली घर आलं आणि एक पांढरी, उंच, दांडगी गाडी आली. घर प्रफुल्लने स्वतःच्या नावावर करून घेतलं. गाडीच्या वेळी मात्र कुणा ज्योतिषाने त्याला सांगितलं की वाहन आईच्या नावावर घे, लाभेल. म्हणून गाडीच्या कागदावर बायजाचा अंगठा लागला.

बायजाच्या लेखी ती गाडी म्हणजे शेतच होतं. दर मंगळवारी सकाळी, प्रफुल्ल उठायच्या आत, ती चारी चाकांशी फतकल मारून बसे. चाकाच्या मधोमध जी गोल चकचकीत टोपी असते, गॅरेजवाले जिला सेंटर कॅप म्हणतात, ती चिंच आणि राख लावून घासे, धुई, पुसून वर कुंकवाचं बोट टेकवी. बापाच्या घरी बैलगाडी होती. तिच्या चाकाच्या मध्याला तुंबा म्हणत आणि त्याला तेल द्यायचं काम लहानपणी बायजाकडे होतं. त्यामुळे या टोप्यांना ती तुंब्याच्या वाट्या म्हणायची, आणि घाईत असली की नुसत्या वाट्या. देवाची समई जितकी घासावी तितकी उजळते, तसंच हेही, असं ती धरून चालली होती. पण हे पितळ नव्हतं, मुलामा दिलेलं प्लास्टिक होतं. वर्षभरात मुलामा ठिकठिकाणी उडाला आणि खालचा काळपट भाग दिसायला लागला.

प्रफुल्लचं लक्ष कधी गेलं नसतं. पण चुलतभावाच्या लग्नात पोरं गाडीभोवती उभी होती आणि त्यातल्या एकाने विचारलं, "काय रं पप्या, गाडीला नायटा झालाय का?" सगळे हसले, प्रफुल्लही हसला. घरी आल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात शिरला.

रोज बादली घेऊन गाडी धुण्याचं काम करिश्माचं होतं. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. त्याने तिचा पिठाचा हात ओट्यावर दाबून धरला आणि एक बोट मागे वाकवत विचारायला सुरुवात केली, भांड्यांची तारेची घासणी चाकाला लावलीस ना? ती नाही म्हणाली की बोट आणखी मागे जाई. बायजा दारात उभी होती.

"अरं, वाट्या मीनी घासल्या," ती म्हणाली.

"तुझ्या वाट्या घाल चुलीत. मी गाडीचं बोलतोय."

तो स्वयंपाकघरातल्या वाट्या समजला, हे बायजाला तिथल्या तिथे कळलं. आणखी एकच शब्द बोलायचा होता, चाकाच्या. तो तिच्या जिभेवर आलाही होता. पण त्या शब्दामागोमाग प्रफुल्लचा चेहरा आपल्याकडे वळेल, हेही तिला दिसलं. गोविंदाचाच चेहरा होता तो. तिने शब्द गिळला. वाळलेली वालाची शेंग मोडावी तसा आवाज आला आणि तवा जमिनीवर पडला.

नंतर बायजाने सुनेच्या हाताला ओल्या फडक्याची घडी लावली, तिला रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात ते मोरीचं वाक्य म्हटलं. करिश्मा तिला थँक्यू म्हणाली. त्या रात्री बायजा जेवली नाही.

बायजाच्या धाकट्या मुलाचं, नयनचं, लग्न तोंडावर आलं होतं. हळदीला आपली गाडी फुलं लावून सगळ्यात पुढे असणार, आणि तीही नायट्याशिवाय, असं प्रफुल्लने ठरवलं होतं. कल्याणच्या दुकानातून त्याने चार नव्या टोप्या आणल्या आणि हळदीच्या आदल्या सकाळी अंगणात बसवायला घेतल्या. गॅरेजला जायची गरज नाही, दहा मिनिटांचं काम आहे, असं म्हणाला. करिश्माला समोर उकिडवं बसवलं. बोटाला पट्टी असलेल्या हाताने ती नवी टोपी धरून होती. तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून जुनी टोपी उचकटे, ती टक्कन उडून बाहेर येई, मग नवीच्या मागचे आकडे खाचेला लावून तळव्याने दाबे. तीन नीट बसल्या. चौथीचा एक आकडा आत जाईना. त्याने दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, मग हातोडी घेतली. पहिल्या घावाला फडकं मध्ये होतं. दुसऱ्या घावाला ते सरकलं आणि नव्या टोपीला आरपार चीर गेली.

"वाकडी धरलीस तू."

करिश्माने बोलून न बोलून सारखंच होतं. त्याने तिच्या केसांना धरलं आणि तिचं डोकं चाकावरच्या पत्र्यावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा पांढऱ्या रंगावर लाल उठलं. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या निशाने बादली उचलली आणि ती आत गेली.

बायजा ओटीवर हळकुंडं निवडत होती. सूप बाजूला सारून ती उठली.

"चाकाच्या वाट्या मीनी घासल्या," ती म्हणाली. "चिंच लावून. दर मंगळवारी."

प्रफुल्लने मान वळवली. केस अजून त्याच्या मुठीत होते. शब्द त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. मग त्याने मूठ सोडली आणि तो हसला, अगदी मनापासून.

"तू होय! आये, मग सांगायचंस ना." विजारीला हात पुसून त्याने फुटकी टोपी खाचेतून काढली, करिश्माच्या पायाशी टाकली आणि म्हणाला, "चल गं, धर नीट. हिलाच चिकटवून बघू."

एवढंच. आईने केलं म्हटल्यावर त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

करिश्मा कपाळावर पदर दाबून बसली होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सासूकडे बघत होती.

"बोट मोडलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"व्हतं," बायजा म्हणाली.

करिश्माने आणखी काही विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बायजाला सोपं गेलं असतं. बायजाने खाली पडलेली हातोडी उचलली. ही काहीतरी युक्ती दाखवणार म्हणून प्रफुल्ल बाजूला सरकला. ती पुढच्या चाकाशी गेली आणि तिने नव्या कोऱ्या टोपीवर घाव घातला. प्लास्टिकचे तुकडे अंगणभर उडाले. मिठाच्या पाट्या वाहिलेले हात होते ते, अजून कामातून गेले नव्हते. ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या चाकाशी गेली, मग तिसऱ्या. तिसरी टोपी फुटल्यावर प्रफुल्लला भान आलं. धावत येऊन त्याने तिचं मनगट पिरगाळलं. हातोडी पडली.

"येडी झालीस काय?"

"घासल्या मीनी, फोडल्याबी मीनी," बायजा म्हणाली आणि तिने दुसरा हात त्याच्यापुढे केला. "हिचा बोट मोडलास ना? आता माजा मोड."

त्याने बोट धरलं. बहुतेक तो नुसतं धरणार होता. पण एकदा हातात बोट आलं की पुढे काय करायचं, ते त्याच्या हाताला माहीत होतं. बायजा ओरडली नाही. तिची नजर त्याच्या तोंडावर होती आणि त्याचं तोंड हळूहळू पांढरं पडत चाललं होतं, तरी जोर कमी होत नव्हता. आवाज झाला तेव्हा नयन टॉवेलवरच बाहेर आला. त्याने भावाला मागून कवळ घातली, प्रफुल्लने कोपर मारून त्याचा ओठ फोडला, आणि दोघे भाऊ फुटक्या प्लास्टिकवर लोळले. नयन तरणा होता. शेवटी थोरला खाली राहिला आणि धापा टाकत म्हणाला की उद्या हळद आहे, लोकांना काय सांगायचं.

बायजाने आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली.

"नयन, कपडे घाल. करिश्माला नि तिचे पोरीला, सान्वीला, शहाडला सोडून ये, करिश्माचे आईकडे. वाटेत तिचे कपाळाला टाके घालून घे. डॉक्टरनी विचारला तर खरा सांग."

"गाडी नाय जाणार," प्रफुल्ल म्हणाला.

"गारी माजे नावावर हाय."

करिश्माने मुलीचं दप्तर आणि दोन पिशव्या भरल्या. गाडीत बसताना ती सासूच्या पाया पडली नाही. बायजानेही तशी अपेक्षा केली नव्हती. दुपारी नयन परत आला तेव्हा बायजाने किल्ली मागून घेतली आणि कनवटीला खोचली.

दुसऱ्या संध्याकाळी मांडवाबाहेर गाडी उभी राहिली, फुलांशिवाय. चारी चाकांच्या मध्ये काळी भोकं होती. पाहुणे तिथे थबकत, एकमेकांकडे बघत आणि आत येत. आत डीजे लागला होता. बायका नयनला हळद लावत होत्या आणि जी ती विचारत होती, थोरली सून कुठाय? निशाने उत्तर तयारच ठेवलं होतं. बायजाच्या कानाशी येऊन ती म्हणाली, तब्येत बरी नसेल ना गो तिची?

"मारला तिला पप्यानी," बायजा म्हणाली.

डीजेच्या आवाजात निशाला ऐकू आलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं. मग बायजाने परत सांगितलं, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर सांगावं तसं. बोट मोडला, डोका फोडला, म्हणून पाठवली. ताटाभोवतीच्या बायकांचे हात थांबले. खुर्च्यांच्या रांगेत बसलेल्या प्रफुल्लने ग्लास खाली ठेवला आणि तो कुणाकडेच बघेना.

निशाची नजर बायजाच्या हातावर गेली. चिंधीने बांधलेल्या बोटावर हळद माखली होती.

"आणि हे गो?" तिने हळूच विचारलं. "मोरीत?"

"आमचे मोरीला खरखरीत फरशी हाय," बायजा म्हणाली. "तिथं कोणाचाच पाय सरकत नाय."