भारेपाड्याची पाटीवाली

मोहन्याच्या नाक्यावर मी कल्याणच्या बससाठी उभी असते, तेव्हा ती टेम्पोतून उतरते. भाजीची पाटी खाली ठेवते, डोक्यावर कापडाची चुंबळ बसवते आणि रांगेतून नेमकी मलाच हाक मारते, "बाय, जरा हात लाव गो." विनंती नाही, हुकूमच. मी पाटी उचलून देते, ओल्या मेथीचं पाणी बाहीवर घेते आणि तेवढ्यात बस निघून जाते.

एकदा वैतागून विचारलं, "गाव कुठलं हो तुमचं?"

"भारेपाडा."

"हे कसलं नाव?"

तिने चुंबळ सोडली आणि पुन्हा गुंडाळली. "आधी तिथं नुसती चिंच होती. बाया गवताचे भारे घेऊन कल्याणच्या बाजाराला निघायच्या नि चिंचेखाली दम खायला थांबायच्या. भारा टाकाला एकटी पुरते, डोक्यावर चढवाला दुसरी लागते. मग बसायचं वाट बघत. दुसरी यायची ती पण थकलेली, ती पण बसायची. बसून बसून गाव झाला."

"खरंच?"

"मना काय ठाव? मी कुठं होती तेव्हा? उचल पाटी."

हल्ली ती यायच्या आधी बस आली तरी मी सोडते. शेजारच्या सोसायटीतल्या एक बाईही माझ्यासोबत थांबू लागल्या. काल तिसरीही आली आणि आम्ही नाक्यावरच्या कट्ट्यावर बसलो. पाटीवालीने उतरून आम्हा तिघींकडे पाहिलं आणि पाटी ठेवून कट्ट्यावर आमच्या शेजारी टेकली.

"उचलू ना?" मी विचारलं.

"थांब गो," ती म्हणाली. "घाई कसली?"